मुलांसाठी घोडेस्वारीची शाळा निवडताय? आधी घोडे बघा, फी नंतर विचारा

मूल एकदा "मला घोड्यावर बसायचंय" म्हणून मागे लागलं की आपण शोधाशोध सुरू करतो आणि मग सगळ्याच शाळा सारख्या वाटायला लागतात, सगळीकडे हसऱ्या मुलांचे फोटो, सगळीकडे "अनुभवी प्रशिक्षक" आणि सगळीकडे "शांत घोडे". आमच्या घरात माझ्या मुलीच्या आधी कुणी घोड्याला हातसुद्धा लावला नव्हता, त्यामुळे शाळेत गेल्यावर नेमकं काय विचारायचं आणि काय बघायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. आता ती बरीच वर्षं शिकतेय आणि मी मैदानाच्या कठड्याला टेकून जे बघत आलेय, मोतद्दारांशी (घोड्यांची देखभाल करणाऱ्यांशी) आणि शिकवणाऱ्यांशी बोलून जे समजून घेतलंय, ते इथे क्रमाने लिहितेय.

माझं एक ठाम मत आधीच सांगते. शाळेचे घोडे कसे आहेत ते नीट बघितलंत तर त्या शाळेबद्दलचं बाकीचं बहुतेक सगळं कळतं. ज्या घोड्याची पाठ दुखतेय, जो थकलाय, ज्याला दिवसभर एका खोलीत कोंडून ठेवलंय, तोच घोडा बिचकतो, चावतो, उधळतो, आणि त्या वेळी त्याच्या पाठीवर आपलं मूल असतं.

१. आधी मूल तयार आहे का ते बघा

नियमित क्लाससाठी साधारण ६-७ वर्षं हे वय बरं पडतं. त्याआधी पाय खोगिराच्या दोन्ही बाजूंना नीट पोचत नाहीत, तोल सांभाळता येत नाही, आणि मुख्य म्हणजे सांगितलेली गोष्ट लक्षात ठेवून लगेच करणं जमत नाही. त्याहून लहान मुलाला बसवायचंच असेल तर छोटा पोनी, दोरी मोठ्या माणसाच्या हातात आणि १५-२० मिनिटं, एवढंच पुरे. "आम्ही ३ वर्षांच्या मुलांनाही पळवायला शिकवतो" असं कुणी अभिमानाने सांगत असेल तर ती शाळा यादीतून काढून टाका.

डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या. दमा, अ‍ॅलर्जी, फिट्स, पाठीचा किंवा मानेचा त्रास यातलं काही असेल तर तसं आधी सांगा, कारण तबेल्यात गवताची धूळ, केस, भुसा हे सगळं असतंच. धनुर्वाताच्या लसीचे डोस वेळेवर झालेत ना तेही बघा, धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात आणि तबेल्यात खरचटणं हे होणारच.

घाबरणारं मूल घोडेस्वारी शिकू शकत नाही असं अजिबात नाही, उलट जी मुलं घोड्याचा आकार बघून आधी दोन पावलं मागे सरकतात ती नंतर फार सावध आणि छान शिकतात. ज्या मुलाला कशाचीच भीती वाटत नाही त्याच्यासाठी शाळा जास्त काळजीने निवडा, कारण ते घोड्याच्या मागून पळत जाणार.

मुलाला काही शारीरिक अडचण असेल तरी दार बंद करू नका. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना पोलिओमुळे गुडघ्याखाली ताकद उरली नव्हती, घोड्यावर चढायला मदत लागायची, तरी त्यांनी १९५२ आणि १९५६ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरावीक चाली नेमकेपणाने करून घ्यायच्या स्पर्धेचं) रौप्यपदक मिळवलं. फक्त अशा मुलांना शिकवायचं वेगळं प्रशिक्षण असतं, ते घेतलेली माणसं असलेली जागाच शोधा, नेहमीच्या बॅचमध्ये "करू की अ‍ॅडजस्ट" म्हणणारी नको.

२. फोनवर चार प्रश्न विचारा

घरापासून नियमित जाता येईल अशा अंतरातल्या शाळांची यादी करा आणि प्रत्यक्ष जायच्या आधी फोनवर एवढं विचारा:

- नवशिक्यांच्या बॅचमध्ये किती मुलं असतात आणि त्यांच्याबरोबर किती मोठी माणसं असतात?
- पहिल्या क्लासला नेमकं काय करता?
- क्लास चालू असताना येऊन नुसतं बघितलं तर चालेल का?
- लहान मुलांसाठी कुठले घोडे आहेत, त्यांचं वय आणि उंची काय?

चौथा प्रश्न मुद्दाम विचारा. चांगल्या शाळेतला माणूस लगेच घोड्यांची नावं घेऊन बोलायला लागतो, हा असा आहे, ती जरा आळशी आहे पण लहान मुलांना सांभाळून घेते, वगैरे. ज्याला स्वतःचे घोडे माहीत नाहीत तो "सगळे शांत आहेत मॅडम" म्हणून विषय संपवतो. लहान मुलांसाठी वय झालेला, अनुभवी घोडा चांगला, १० वर्षांच्या पुढचा असेल तर उत्तम. ४-५ वर्षांचा घोडा स्वतःच अजून शिकत असतो, त्याच्यावर शिकणारं मूल बसवणं दोघांवरही अन्याय आहे.

फेडरेशनच्या संलग्नतेबद्दलही विचारा. एफईआय ही घोडेस्वारीची जागतिक संघटना १९२१ साली स्थापन झाली आणि तिच्याखाली देशोदेशींची फेडरेशन्स आहेत. काही देशांत प्रशिक्षकांच्या परीक्षा आणि शाळांची तपासणी करणाऱ्या संस्थाही आहेत, ब्रिटिश हॉर्स सोसायटी हे त्याचं ठळक उदाहरण. प्रशिक्षकाने अशी कुठली परीक्षा दिली असेल तर चांगलंच, प्रमाणपत्र बघायला मागा, संकोच करू नका. पण स्पर्धेतली पदकं भिंतीवर लावलेली आहेत म्हणजे ७ वर्षांच्या मुलाला शिकवता येतं असं नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३. पहिल्यांदा मुलाला न घेता जा, आणि सरळ तबेल्यात जा

मूल बरोबर असलं की ते घोडा बघून हरखून जातं आणि मग आपल्याला "नको" म्हणता येत नाही. म्हणून पहिली फेरी एकट्याने किंवा दोघांनी. ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचण्यात वेळ घालवू नका, "आधी घोडे बघू का?" असं विचारा. तबेला दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा.

आत शिरल्यावर आधी नाकाला काय कळतं ते बघा. लिदीचा, गवताचा वास असणारच, तो वाईट नसतो. पण डोळे चुरचुरतील असा मुताचा उग्र दर्प येत असेल तर खालचं अंथरूण रोज काढलं जात नाही. खोली साधारण १२ बाय १२ फूट असावी, घोड्याला आरामात वळता आणि आडवं पडता आलं पाहिजे. पाणी आहे का आणि ते स्वच्छ आहे का बघा, एका मोठ्या घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ४५ लिटर पाणी लागतं, उन्हात काम असेल तर आणखी. समोर गवत किंवा चारा असला पाहिजे. घोड्याचं पोट शरीराच्या मानाने लहान असतं आणि तो दिवसभर थोडं थोडं खाणारा प्राणी आहे, तासन्‌तास उपाशी ठेवून मग एकदम खुराक दिला की पोटात अल्सर होतात, पोटशूळ होतो, आणि तो चिडचिडा होतो.

मग एकेक घोडा नीट बघा. इथे वेळ घालवा, घाई करू नका.

*अंग.* बरगड्या मोजता येत असतील तर घोडा खंगलेला आहे. बरगड्या दिसू नयेत पण हात फिरवल्यावर लागल्या पाहिजेत. घोड्याची तब्येत मोजायची १ ते ९ अशी एक पट्टी आहे, १९८३ साली हेनेके यांनी केलेली, १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अति लठ्ठ, आणि ५ च्या आसपासचा घोडा चांगला. शाळेत ही पट्टी वापरतात का विचारा, उत्तरावरून बरंच कळेल.

*पाठ आणि तंगाची जागा.* खोगीर काढलेलं असताना पाठीकडे बघा. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो तिथे आणि पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तिथे कधीतरी खोगिराने जखम झालेली आहे. एखाद्या घोड्यावर असा जुना डाग असू शकतो, तो कदाचित दुसरीकडून आला असेल, पण चार-पाच घोड्यांवर तेच दिसलं तर खोगिरं मापाची नाहीत. पुढच्या पायाच्या कोपरामागे, जिथे तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून बांधायचा पट्टा, आवळतात, तिथले केस घासून गेलेत का, कातडी लाल आहे का बघा. तोंडाच्या कोपऱ्यात लगामाने चिरा पडल्यात का तेही बघा.

*पाय.* खुरांना मोठ्या भेगा, नाल सैल, खिळे वर आलेले असं नको. "नालबंद किती दिवसांनी येतो?" असं विचारा, ६ ते ८ आठवडे हे बरोबर उत्तर. "गरज पडली की बोलावतो" हे बरोबर उत्तर नाही.

*श्वास.* निवांत उभ्या घोड्याच्या कुशीकडे बघत मिनिटभर श्वास मोजा. ८ ते १६ असावेत. क्लास संपून बराच वेळ झालाय, घोडा सावलीत उभा आहे आणि तरी नाकपुड्या फुललेल्या आहेत, कुशी धापा टाकल्यासारख्या हलतायत, तर त्याला झेपत नाहीये.

*वागणं.* तुम्ही दाराशी गेल्यावर घोडा कान टवकारून बघायला आला तर छान. कान मागे चपटे करून मान फिरवली, दात दाखवले, तर त्याला माणसांचा कंटाळा आलाय किंवा कुठेतरी दुखतंय. सगळ्यात बोलका क्षण म्हणजे खोगीर चढवतानाचा. शक्य असेल तर तेवढ्यासाठी थांबा. मी एका ठिकाणी बघत होते, मोतद्दाराने तंग ओढला आणि घोड्याने मान वळवून हवेतच चावा घेतला, पोट आक्रसलं, शेपटी फटकारली. मोतद्दार म्हणाला त्याची सवयच आहे ती. पण सवय म्हणण्याआधी पाठ आणि पोट डॉक्टरला दाखवलं का, हे विचारायला हवं, आणि तिथे त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. सतत एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलणारे किंवा लाकूड दातात धरून हवा गिळणारे घोडे जास्त असतील तर ते फार वेळ कोंडलेले आहेत असं समजा.

शेवटी दोन आकडे विचारा: एक घोडा दिवसाला किती क्लास करतो, आणि आठवड्यातून त्याला सुट्टी किती. दोन-तीन क्लास, मध्ये विश्रांती, आणि आठवड्यात निदान एक पूर्ण दिवस मोकळा, असं ऐकलंत तर बरं. शिवाय मोकळ्या आवारात दुसऱ्या घोड्यांबरोबर सोडतात का तेही विचारा, कारण घोडा हा कळपातला प्राणी आहे आणि एकटा कोंडला की त्याचं डोकं शांत राहत नाही. वजनाचंही बघा, स्वार अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं असा साधारण नियम आहे. २०० किलोच्या पोनीवर ४० किलोच्या वर जायला नको, आणि त्यात खोगिराचं वजनही आलं.

४. मग एक पूर्ण क्लास बघा, शिकवणाऱ्यावर नजर ठेवून

नवशिक्या लहान मुलांचाच क्लास बघा, मोठ्यांचा उड्यांचा क्लास दाखवतील तर नको म्हणा. एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त ५-६ मुलं, आणि अगदी पहिल्या दिवसांत प्रत्येक घोड्याला धरायला वेगळा माणूस, एवढं असलं पाहिजे.

शिकवणारी व्यक्ती मुलांकडे बघतेय की फोनकडे, हे तर दिसेलच. त्याहून बारीक एक गोष्ट बघा, एका वेळी किती सूचना देते. "टाचा खाली, पाठ सरळ, हात खाली, समोर बघ, पाय मार" असं एका दमात ओरडलं की मूल गोठतं. चांगला शिक्षक एकच गोष्ट सांगतो, ती झाली की "हां, हे बरोबर" म्हणतो, मग पुढची.

मला पटलेली एक शिक्षिका अशीच एका क्लासमध्ये दिसली. एका मुलाचा पोनी मैदानाच्या मध्यात येऊन उभाच राहिला, मुलगा टाचा मारून थकला, रडवेला झाला. ती ओरडली नाही, चाबूकही मागितला नाही, चालत जवळ गेली आणि विचारलं, "तू कुठे बघतोयस?" मुलगा खाली, पोनीच्या मानेकडे बघत होता. "त्या कोपऱ्यातल्या खांबाकडे बघ, आणि श्वास सोड." मुलाने मान वर केली तसं अंगही सरळ झालं, ओढून धरलेला लगाम आपोआप सैल पडला, आणि पोनी निघाला. लगाम ओढून धरायचा आणि पायाने "चल" म्हणायचं, म्हणजे घोड्याला ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम, तो थांबणारच. हे ज्याला दिसतं तो शिक्षक.

सुरुवातीला मुलाच्या हातात लगाम देण्याची घाई करणाऱ्या शाळा मला आवडत नाहीत. तोल गेला की मूल हातातली वस्तू ओढतं आणि ती ओढ थेट घोड्याच्या तोंडात जाते. आधी गळ्यातला पट्टा किंवा आयाळ धरायला शिकवतात, लांब दोरीवर गोल फिरवून, ज्याला लंजिंग म्हणतात, मांड पक्की करून घेतात, मग लगाम. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्येसुद्धा नवे विद्यार्थी रिकीब (पाय ठेवायची कडी) आणि लगामाशिवाय लंजवर बराच काळ काढतात, तेव्हा आपल्या मुलाने काही आठवडे काढले तर मागे पडलं असं समजू नका.

घोड्यांशी माणसं कशी वागतात ते तर बघाच. चापट मारणं, लगामाला हिसके देणं, शिव्या देणं चाललं असेल तर मुलं तेच शिकणार. आणखी एक बारीक खूण सांगते, दोरी हाताला गुंडाळून कुणी घोडा नेत असेल तर तिथे सुरक्षितता शिकवलीच जात नाही. घोडा उधळला तर गुंडाळलेल्या दोरीने बोटं तुटू शकतात. दोरी घडी घालून मुठीत धरायची असते.

आता एक नाजूक विषय, पण टाळू नका. पाय, पाठ नीट करताना शिक्षकाला मुलाला हात लावावा लागतो. चांगले शिक्षक आधी सांगतात, "तुझी टाच खाली करतोय हां." मूल कुठल्याही मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत एकटं राहणार नाही अशी व्यवस्था आहे का, कपडे बदलायची जागा कशी आहे, पालकांना क्लास बघू देतात का, हे स्पष्ट विचारा. "पालक असले की मुलांचं लक्ष जातं" म्हणून कायमचं बाहेर बसवणारी शाळा नको. लांबून बघू द्या, एवढी मागणी योग्यच आहे.

५. मैदान आणि सामान

नवशिक्यांसाठी चारी बाजूंनी कुंपण असलेलं मैदान हवं, २० बाय ४० मीटर हे नेहमीचं माप. फाटक क्लास चालू असताना बंद हवं, जमीन मऊ आणि सपाट, दगड, खिळे, तारांची टोकं काही नको. मोकाट कुत्री, मैदानाला लागून गाड्यांचं पार्किंग, मध्ये धावणारी इतर मुलं हे सगळं घोडा बिचकायला पुरतं.

रिकीब बुटापेक्षा दोन्ही बाजूंनी साधारण १-१ सेंटिमीटर रुंद असावी. अरुंद असली तर पाय अडकतो, फार रुंद असली तर लहान मुलाचं आख्खं पाऊल आरपार जातं, आणि पडताना पाय अडकून घोड्यामागे फरपटत जाणं हा या खेळातला सगळ्यात वाईट प्रकार आहे. म्हणून मुलांसाठी सेफ्टी रिकीब असते, बाहेरच्या बाजूला रबराचा पट्टा असतो आणि पाय ओढला गेला की तो सुटतो. ती आहे का विचारा. तंगाची आणि रिकिबीच्या पट्ट्यांची शिवण हाताने ओढून बघा. चढायला ठोकळा किंवा पायऱ्या आहेत का बघा, जमिनीवरून रिकिबीला लोंबकळून चढलं की खोगीर फिरतं आणि घोड्याची पाठ एका बाजूला ओढली जाते. प्रथमोपचार पेटी कुठे आहे आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण त्या वेळी हजर असलेल्या कुणाकडे आहे, हे दोन्ही विचारा.

६. हेल्मेट, याच्यात तडजोड नाही

सायकलचं, क्रिकेटचं हेल्मेट चालत नाही. घोडेस्वारीचं हेल्मेट वेगळ्या पद्धतीने तपासलेलं असतं, डोक्याची मागची बाजू जास्त झाकतं. आतल्या स्टिकरवर मानक लिहिलेलं असतं: ईएन १३८४, पास ०१५, व्हीजी १ किंवा एएसटीएम एफ ११६३ यातलं काहीतरी दिसलं पाहिजे. नुसती मखमल लावलेली टोपीसारखी दिसणारी जुनी कॅप म्हणजे हेल्मेट नाही.

माप असं बघा. पट्टा न लावता मुलाला घालायला सांगा, कडा भुवयांच्या साधारण दोन बोटं वर. मग मुलाला पुढे वाकून डोकं हळू हलवू द्या, हेल्मेट जागचं हलू नये. हाताने हेल्मेट पुढे-मागे केलं की कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. केस मानेवर खाली बांधा, डोक्यावर आंबाडा किंवा उंच पोनीटेल असली की माप चुकतं. "वाढत्या वयाचं आहे, एक साइज मोठं घेऊ" हा विचार बुटांना ठीक आहे, हेल्मेटला अजिबात नाही.

एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी आतला फोम दाबला गेलेला असतो, ते बदलायचं. म्हणूनच सेकंडहँड घेऊ नका. न पडताही साधारण ५ वर्षांनी बदलावं असं बहुतेक कंपन्या सांगतात. सुरुवातीला शाळेचं वापरायला हरकत नाही, पण स्टिकर, पट्टा आणि माप तिथेही बघा, आणि ते पडल्यावर काय करतात ते विचारा. पुढे उड्या शिकायची वेळ आली की बॉडी प्रोटेक्टर लागेल, त्यावर ईएन १३१५८, लेव्हल ३ असं बघा.

बाकी कपडे साधे: आतून जाड शिवण नसलेली लांब पँट, अंगाबरोबरचा टीशर्ट, आणि १-२ सेंटिमीटर टाच असलेले, गुळगुळीत तळाचे बूट. सपाट स्पोर्ट्स शूज आणि सँडल नको. सुरुवातीलाच महागडं किट घेऊ नका.

७. ट्रायल क्लास कसा असावा

आता मुलाला घेऊन जा. चांगला पहिला क्लास अर्ध्या तासाचा असतो आणि त्यातला बराचसा वेळ मूल जमिनीवरच असतं. घोड्याजवळ खांद्याच्या बाजूने जायचं, कारण त्याला अगदी नाकासमोरचं आणि थेट पाठीमागचं दिसत नाही. आधी आवाज द्यायचा, मग खांद्यावर हात. मग खरारा करायला देतात, घोडा कुठे खाजवल्यावर ओठ लांब करतो ते दाखवतात. मग डाव्या बाजूने चढणं, चालणं, थांबणं, उतरणं. चढण्याआधी शिक्षकाने स्वतः तंग तपासला पाहिजे, आणि थोडं चालल्यावर पुन्हा एकदा, कारण घोडे तंग आवळताना पोट फुगवून धरतात आणि चालल्यावर तो सैल होतो. एका शाळेत ही दुसरी तपासणी झालीच नाही आणि माझ्या डोळ्यांदेखत एका मुलीचं खोगीर वळणावर घरंगळलं, नशिबाने घोडा शहाणा होता, तो जागीच थांबला.

पहिल्याच दिवशी दौड नको. मुलाने कितीही हट्ट केला तरी नाही म्हणणारी शाळा हवी.

क्लास चालू असताना कठड्यावरून आपण सूचना देऊ नका, मूल दोन आवाजांत गोंधळतं आणि घोडाही दचकतो. घरी येताना "मजा आली का" याला "हो" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा घोड्याचं नाव काय, त्याला काय आवडत नाही, आज कुठली एक गोष्ट जमली, असं विचारा. मूल घोड्याबद्दल भरभरून बोलत असेल तर शिक्षकाने काम चोख केलंय.

८. कागदपत्रं आणि पैसे

हे जवळ ठेवा:

- वयाचा दाखला आणि फोटो
- डॉक्टरांचं फिटनेस पत्र, अ‍ॅलर्जी किंवा औषधं असतील तर त्याची नोंद
- लसीकरणाचं कार्ड
- दोन आपत्कालीन नंबर, त्यातला एक जवळ राहणाऱ्या माणसाचा
- आरोग्य विमा असल्यास त्याची प्रत, आणि त्यात घोडेस्वारी वगळलेली नाही ना हे आधी वाचून घ्या

शाळा एक संमतीपत्र सही करायला देईल. ते घरी नेऊन वाचा. घोडेस्वारीत धोका असतो हे मान्य करणं ठीक, पण "कुठल्याही कारणाने काहीही झालं तरी शाळा जबाबदार नाही" असं सरसकट लिहिलेलं असेल तर विचारा, आणि शाळेचा स्वतःचा विमा आहे का तेही. फोटो-व्हिडिओ वापरण्याची परवानगी वेगळी मागितली पाहिजे, ती द्यायची की नाही हे तुमच्या हातात आहे.

वर्षभराचं पॅकेज सुरुवातीला घेऊ नका, कितीही सवलत दिली तरी. महिन्याचे पैसे भरा, पावसामुळे किंवा आजारपणात बुडलेल्या क्लासचं काय होतं ते लेखी घ्या. आणि काही महिन्यांतच "मुलीत टॅलेंट आहे, स्वतःचा घोडा घ्या, आम्ही सांभाळू" असा आग्रह सुरू झाला तर सावध व्हा.

९. पहिले काही महिने काय बघायचं

आठवड्यातून एक-दोन क्लास असतील तर सुरुवातीचा काळ चालण्यात आणि ट्रॉटमध्ये जातो. ट्रॉट म्हणजे दुडकी चाल, त्यात घोड्याच्या लयीत उठायचं-बसायचं असतं आणि ते जमायला प्रत्येक मुलाला वेगळा वेळ लागतो. शेजारच्या मुलाचं आधी कॅन्टर, म्हणजे त्यापुढची वेगवान चाल, सुरू झालं म्हणून शिक्षकावर दबाव आणू नका. मूल स्वतः खोगीर चढवायला, खूर उचलून साफ करायला शिकतंय का हे विचारा, कारण ज्या शाळेत घोडा तयार करून समोर आणतात आणि क्लास संपला की मोतद्दार घेऊन जातो, तिथे मूल घोड्यावर बसायला शिकतं पण घोडा ओळखायला शिकत नाही.

मूल कधीतरी पडेल. त्या वेळी शाळा कशी वागते ते नीट बघा. आधी सगळे घोडे थांबवले पाहिजेत, मुलाला लगेच ओढून उभं करायचं नाही, कुठे दुखतंय ते विचारायचं, आणि तुम्हाला लगेच कळवायचं. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका जरी असली तरी त्या दिवशी परत घोड्यावर बसवायचं नाही. डोकेदुखी, उलटी, गोंधळल्यासारखं बोलणं, नेहमीपेक्षा जास्त झोप येणं, यातलं काही दिसलं तर थेट डॉक्टरकडे. "पडल्या पडल्या परत बसवलं की भीती जाते" हे डोक्याला लागलेलं असताना कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आणि शाळा बदलायची वेळ कधी? शिक्षक दर थोड्या दिवसांनी बदलतायत, मुलं वाढली पण घोडे तेवढेच राहिलेत, लंगडणारा घोडा क्लासला आणलाय, पडल्याची गोष्ट तुम्हाला मुलाकडून कळतेय शाळेकडून नाही, किंवा मूल क्लासच्या दिवशी पोटात दुखतंय म्हणायला लागलंय. शेवटच्या बाबतीत आधी मुलाशी शांतपणे बोला, कधी घोडा नको असतो, कधी एखादा ठरावीक घोडा नको असतो आणि कधी एखादं माणूस नको असतं, आणि या तिन्हीवर उपाय वेगवेगळे आहेत. घोडा बदलून मागता येतो, बॅच बदलता येते. पण माणसाबद्दल असेल तर भरलेल्या फीचा विचार न करता त्याच दिवशी थांबवा.